फ्लिप्ड क्लासरूम घेताय? मग या चुका टाळा

मुंबईच्या कॉलेजांत मी बारा वर्षं संख्याशास्त्र शिकवतेय, त्यातली शेवटची सहा फ्लिप्ड पद्धतीने, म्हणजे धडा मुलं आधी घरी व्हिडिओवर बघून येतात आणि वर्गात त्यावर प्रश्न, चर्चा करतात. नव्या प्राध्यापकांचे फोन येतात, "मॅडम, करून बघितलं, पण आमची मुलं काही बघूनच येत नाहीत." खोदून विचारलं की दरवेळी त्याच चुका निघतात आणि त्यात मुलांचा दोष फार थोडा असतो.

पहिली चूक म्हणजे वर्गातलं अख्खं लेक्चर रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकणं. आपल्याकडची निम्मी मुलं विरार, कर्जत, कसाऱ्याहून येतात. एका हाताने कडी धरून, दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन, मध्येच रेंज जात असताना पन्नास मिनिटांचं लेक्चर कोण बघेल? एडएक्स या ऑनलाइन कोर्सेसच्या संकेतस्थळावरच्या चार कोर्सेसचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे 69 लाख वेळा व्हिडिओ पाहिल्याच्या नोंदी तपासल्या होत्या. व्हिडिओ कितीही लांब असो, मुलं साधारण सहा मिनिटांच्या पुढे टिकत नव्हती. मी एका व्हिडिओत एकच संकल्पना घेते. वहीवर पेनाने लिहायचं, वरून मोबाइल लावायचा, बस. आवाज मात्र स्वच्छ हवा, पंखा बंद करा. एनपीटीईएलचं (आयआयटींच्या मोफत ऑनलाइन कोर्सेसमधलं) तयार लेक्चर द्यायचं असेल तर नुसती लिंक पाठवू नका, कुठल्या मिनिटापासून कुठल्या मिनिटापर्यंत बघायचं ते लिहा.

आता ज्या चुकीचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो ती. मुलं व्हिडिओ न बघता आली की आपण वर्गात तेच पुन्हा शिकवतो. मीही हेच केलं होतं. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात स्टँडर्ड एररचा, म्हणजे नमुन्यावरून काढलेली सरासरी खऱ्या सरासरीपासून साधारण किती हलू शकते याच्या मापाचा, व्हिडिओ दिला होता. "कोणी बघितला?" विचारल्यावर बासष्टपैकी चौदा हात वर आले. बाकीच्यांची दया आली, म्हटलं वीस मिनिटांत उरकून टाकू. खडू उचलला आणि पूर्ण तास शिकवलं. पुढच्या आठवड्यात हात वर आले पाच. रात्री जागून व्हिडिओ बघून आलेली एक मुलगी तासानंतर थांबली आणि म्हणाली, "मॅम, तुम्ही परत शिकवणारच असाल तर मी कशाला बघू?" तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशी मी चौदा जणांच्या मेहनतीचा अपमान केला होता.

तेव्हापासून दारातच चिठ्ठी घेते. अर्ध्या पानावर दोन ओळी: व्हिडिओतल्या एका प्रश्नाचं उत्तर आणि काय कळलं नाही ते. ज्याची चिठ्ठी नाही त्याने मागच्या बाकावर इयरफोन लावून आधी व्हिडिओ बघायचा आणि मग गटात यायचं. ओरडायचं नाही, पण पुन्हा शिकवायचंही नाही. तीन आठवडे वर्ग नाराज होता. सगळे याच तीन आठवड्यांत कच खातात आणि "पद्धत चालत नाही" म्हणून मोकळे होतात. तेवढा धीर धरा.

व्हिडिओ म्हणजेच फ्लिप, हाही असाच एक गैरसमज. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या एका शाळेत बर्गमन आणि सॅम्स या दोन शिक्षकांनी 2007 मध्ये धडे रेकॉर्ड करायला घेतले ते गैरहजर मुलांसाठी. पुढे त्यांच्या लक्षात आलं की मुलाला शिक्षक खरा लागतो तो अडतो तेव्हा. म्हणजे तासाला काय करायचं हे आधी ठरवा, व्हिडिओ नंतर. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर व्हिडिओंचं युग यायच्या कितीतरी आधी, 1990च्या दशकात, वर्गात एक प्रश्न टाकून मुलांना आपसात वाद घालायला लावायचे. बरोबर उत्तरं साधारण 30 ते 70 टक्के असतील तर चर्चा रंगते, हा त्यांचा अंदाज मला दरवेळी उपयोगी पडलाय.

माझा प्रश्न असा असतो: लोकल रोज किती मिनिटं उशिरा येते याची 25 दिवसांची सरासरी काढली. तीच 100 दिवसांची काढली तर स्टँडर्ड एररचं काय होईल? निम्मा वर्ग "पाव होईल" म्हणतो. मी गप्प राहते. मग कुठल्या तरी बाकावरून ऐकू येतं, "अगं, दिवस चौपट झाले तरी भागायचं त्यांच्या वर्गमुळाने. चार वर्गमुळाच्या आत आहे ना, बाहेर दोनच येणार. निम्मा होईल." ही ओळ मी फळ्यावर कितीदा तरी लिहिली होती. मैत्रिणीने सांगितलेली मुलांच्या डोक्यात राहते.

हजेरीसाठी चिठ्ठ्या वापरू नका, मुलं एकमेकांच्या लिहून देतात. आणि चिठ्ठ्या घेतल्यावर वाचा. मी गट बसेपर्यंतच्या पाच मिनिटांत उभ्या उभ्या वाचते.

अख्खं सेमिस्टर एकदम उलटू नका. मुलं दरवर्षी जिथे अडतात असं एकच युनिट निवडा. मी पहिल्या वर्षी फक्त सॅम्पलिंग (नमुना निवडणं) घेतलं, चार व्हिडिओ केले आणि त्यातले दोन पुढच्या वर्षी फेकून नव्याने केले.