इंग्लंडमधल्या जुन्या कंट्री हाउसचं (जमीनदारांच्या गावाकडच्या मोठ्या घराचं) वय कसं ओळखाल

समोरच्या दारापासून सुरुवात करू नका. पैसा हाती आला की जुन्या घराला नव्या पद्धतीचं तोंड चढवायचं आणि मागची बाजू तशीच ठेवायची, असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. कधी उलटही होतं. सॉमरसेटमधलं मॉंटेक्यूट हाउस साधारण 1600 चं. त्याच्या पश्चिमेकडचा नक्षीदार दगडी दर्शनी भाग मात्र 1780 च्या दशकात क्लिफ्टन मेबँक या त्याहून जुन्या घराचा काढून आणून बसवलेला आहे. दर्शनी भागावरून घराचं वय ठरवलं की पुढचे सगळे अंदाज चुकतात.

आधी घराला पूर्ण फेरी मारा आणि मागची बाजू सावकाश पाहा. भिंतीत वरपासून खालपर्यंत सरळ उभी रेघ दिसली, दोन्हीकडचे थर एकमेकांत गुंतलेले नसले, तर तिथे दोन वेगळी बांधकामं भेटतात. ही रेघ कागदावर काढून ठेवा, कारण पुढची प्रत्येक खूण तिच्या डावीकडची की उजवीकडची हे लागणारच.

मग विटा. एकच वीट मोजू नका, ती वाकडीतिकडी असते. सांध्यांसह सलग चार थर मोजून चाराने भागा आणि त्यातून एका सांध्याची जाडी वजा करा. ट्यूडर काळातली (1485–1603) वीट साधारण 50 ते 57 मिलिमीटर जाड, अठराव्या शतकातली साठीच्या आसपास. रचनाही पाहा. एक थर लांब बाजूंचा आणि एक आखूड तोंडांचा असेल तर ती इंग्लिश बाँड, ही जुनी रीत. एकाच थरात लांब-आखूड आलटून पालटून असेल तर फ्लेमिश बाँड. 1631 चा क्यू पॅलेस हा तिचा गाजलेला सुरुवातीचा नमुना. सांधे करडे आणि टणक असतील तर नंतर कुणीतरी सिमेंट भरलंय. चुन्याच्या सांध्यातून भिंतीतली ओल बाहेर पडते. सिमेंटने ती वाट बंद झाली की पाणी विटेत साठतं, थंडीत गोठून फुगतं आणि विटेचा पापुद्रा सुटतो. अशा जागी विटेचा मूळ चेहराच उरत नाही, म्हणून मोजमाप दुसरीकडे घ्या.

खिडक्यांना सगळ्यात जास्त वेळ द्या. वरखाली सरकणारी सॅश खिडकी सतराव्या शतकाच्या अखेरीस आली. काचांमधली लाकडी पट्टी दीड इंचाच्या आसपास जाड असेल तर खिडकी अठराव्या शतकाच्या सुरुवातीची असू शकते, अर्धा-पाऊण इंच असेल तर शतकाच्या अखेरची किंवा त्यानंतरची. चौकटीच्या कोपऱ्यातून खाली आलेलं लाकडी शिंग ही एकोणिसाव्या शतकाची खूण, मोठ्या जड काचांसाठी सांधा मजबूत करायला ठेवलेली. तिरकं उभं राहून काचेत आकाश पाहा: जुन्या काचेत ढगांचं प्रतिबिंब वेडंवाकडं दिसतं, नव्यात सरळ.

बुजवलेली खिडकी दिसली की लगेच खिडकीकराकडे बोट दाखवतात. तो कर 1696 ते 1851 होता खरा, पण नुसत्या समतोलासाठी मुळातच आंधळ्या खिडक्याही बांधत. आतल्या विटा बाजूच्या भिंतीत गुंतलेल्या असतील तर ती जन्मापासून बंद. कडेला सरळ सांधा असेल तर नंतर बुजवलेली.

खिडक्यांची उंची महत्त्वाचे दालन कुठे हेही सांगते. डर्बीशरच्या हार्डविक हॉलमध्ये (1590–97) सगळ्यात उंच खिडक्या वरच्या मजल्यावर आहेत, कारण समारंभाची दालनं तिथेच. पॅलेडियन घरांत (इटालियन वास्तुकार पॅलाडिओच्या शैलीतल्या) हा मान तळघरासारख्या खालच्या मजल्याच्या वरच्या मजल्याला.

पन्हळीचं पाणी गोळा करणाऱ्या शिशाच्या पेटीवर साल कोरलेलं असेल तर ते त्या पेटीचं, घराचं नव्हे.

शेवटी माळा. तुळयांवर धुराचा काळा थर असेल तर खाली कधीकाळी मध्ये चूल असलेला, छतापर्यंत उघडा हॉल होता. रिकाम्या खाचा दिसल्या तर लाकूड दुसऱ्या इमारतीतून आलेलं असू शकतं. लाकडातली वर्तुळं मोजून वर्ष काढायचं असेल तर झाडाच्या सालीलगतची कड शाबूत असलेली तुळई निवडा, तरच झाड तोडल्याचं नेमकं वर्ष मिळतं. घर लिस्टेड, म्हणजे वारसा इमारतींच्या सरकारी यादीत, असेल (ग्रेड एक, दोन-तारांकित किंवा दोन) तर नमुन्यासाठी भोक पाडण्याआधी स्थानिक कौन्सिलच्या कॉन्झर्व्हेशन ऑफिसरला विचारा, कारण परवानगीविना घराच्या स्वरूपात बदल करणं हा तिथे गुन्हा आहे.