दोष भडंगाचा नव्हता

हिमोग्लोबिन कमी म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि आठवड्यात पोट अडलं. मी आपला सांगलीच्या भडंगाला शिव्या घालत बसलो! डॉक्टर म्हणाले, या गोळ्यांनी बद्धकोष्ठता होते. त्यांनीच डोस बदलून दिला. बाकी चूक माझीच. हळदीच्या पेढीवर दिवसभर बैठक, पाण्याऐवजी चहा. आधी इसबगोल घेतलं होतं, तेही घोटभर पाण्याबरोबर, त्यानं उलट जास्तच घट्ट झालं. आता भरपूर पाणी, ज्वारीची भाकरी, पालेभाजी, पेरू. न्याहारीनंतर आतडी जास्त हलतात, म्हणून तेव्हाच संडासला जातो, पायाखाली छोटा पाट घेऊन. (बायको हसते, हसू दे.) दहा दिवसांत फरक पडला. रक्त दिसलं किंवा वजन घटलं असतं तर मात्र घरी थांबलो नसतो.