स्टेशनचा इतिहास काढायचाय? आधी जमिनीचे कागद काढा

मी मोडी वाचून देतो. वाटणीचे, इनामाचे कागद घेऊन लोक येतात. कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाल्यापासून तर जेवायला उसंत नाही. त्याच गठ्ठ्यांत मधूनच आगगाडीच्या रस्त्यात गेलेली जमीन निघते, आणि त्यातनंच मला मिरज-कोल्हापूर लाईनवरच्या लहान स्टेशनांचा नाद लागला. तुम्हाला आपल्या गावच्या स्टेशनवर लिहायचं असेल, तर मी कसा जातो ते सांगतो.

पहिल्यांदा लाईन कुणाच्या ताब्यात होती ते सालवार मांडा. कागद ताब्याच्या मागनं जातात. आमची ही सुमारे ४७ किलोमीटरची लाईन करवीर संस्थाननं बांधली. काम १८८८ त निघालं, गाडी १८९१ त आली, ती मीटरगेजवर. चालवायला सदर्न मराठा रेल्वे. ही कंपनी १९०८ साली मद्रास रेल्वेबरोबर एक झाली, १९५१ त दक्षिण रेल्वे आली, १९६६ त दक्षिण मध्य, आणि आज आपण मध्य रेल्वेच्या पुणे विभागात. तेव्हा १९२० सालचं काही पुण्यात विचारण्यात फारसा अर्थ नाही. बांधणीच्या काळासाठी कोल्हापूरच्या पुरालेखागारातले संस्थानचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, गाठा.

‘शाहू महाराजांनी रेल्वे आणली’ हे वाक्य डोळे झाकून उतरवू नका. महाराजांचा जन्म १८७४ चा, राज्याधिकार मिळाले १८९४ त. लाईनचं काम निघालं तेव्हा ते चौदाच्या आसपासचे, कारभार दुसऱ्यांच्या हाती. त्यांची खरी करामत नंतरची. गाडीचा उपयोग त्यांनी ओळखला: १८९५ त स्टेशनला लागून शाहूपुरीची पेठ, १९१७ त वडिलांच्या नावानं जयसिंगपूर. मला तर हेच जास्त मोठं वाटतं.

जयसिंगपूरवरनं आठवलं, जुनं नाव शोधून ठेवा. तिथलं स्टेशन गावाच्या आधीचं, आणि नाव होतं शिरोळ रोड. जुन्या टाइमटेबलात जयसिंगपूर शोधत बसलात तर दिवस जाईल, हाती काही लागणार नाही. गॅझेटियरचंही, म्हणजे मुलखाची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथाचंही, तसंच. कोल्हापूरचं जुनं गॅझेटियर १८८६ चं, म्हणजे गाडी यायच्या आधीचं. रेल्वेसाठी नाही, पण त्याआधी माल कुठल्या रस्त्यानं जायचा ते कळायला ते हवंच.

आता जमीन. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात गावचा नकाशा मागा. त्यावर रुळांची पट्टी शेतं कापत गेलेली दिसते. पट्टीच्या दोन्ही बाजूचे गट नंबर लिहून घ्या, त्यावरनं जुने सर्व्हे नंबर काढा आणि मग त्याच नंबरांचे फेरफार आणि कडईपत्रकं (जमिनीच्या नोंदींची जुनी पत्रकं) बघा. एकाच नंबरचे दोन तुकडे झालेत, आकार, म्हणजे सारा, कमी झालाय, असं दिसलं की थांबा. जमीन कुणाची, किती गेली, विहीर कुठल्या बाजूला राहिली, हे तिथं कळायची शक्यता असते. मोडी कागदावर फसली सन, म्हणजे जूनला सुरू होणारं जुनं महसुली वर्ष, असेल तर जून ते डिसेंबरच्या तारखेला ५९० मिळवा, जानेवारीपासून पुढं ५९१. फसली १३०० म्हणजे १८९०-९१, आपली गाडी आली तो काळ. हे गणित चुकलं की सगळा इतिहास वर्षानं सरकतो.

मग स्टेशनवर जा, पण मास्तरांना आधी विचारून. रुळांत उतरू नका. जुने रूळ कुंपणाला, खांबाला लावलेले सापडतात. रुळाच्या मधल्या उभ्या भागावर कारखान्याचं नाव आणि साल उठावात असतं. रंगाचे थर चढलेले असले की वाचता येत नाही. खडू आडवा धरून हलक्या हातानं फिरवा, अक्षरं वर येतात. मात्र ते साल रूळ बनवल्याचं, स्टेशन बांधल्याचं नव्हे.

माणसांना ‘स्टेशन कधी झालं?’ विचारू नका, ऐकीव साल मिळतं. ‘इथनं काय चढवत होता?’ विचारा. हमाल असो की अडत्या, गुळाच्या रव्यांवर (ढेपांवर), बिल्टीवर (मालाच्या रेल्वे पावतीवर), वॅगनसाठी ताटकळण्यावर तास तास बोलतात. अडतीच्या घरात जुनी कीर्द-खतावणी असेल तर हात जोडून मागा. याच लाईनवरच्या वळिवड्याला मात्र आणखी लांबची माणसं लागतील. १९४३ पासून तिथं पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, पाच हजारांच्या घरात माणसं. पुढं तिथंच सिंधी निर्वासितांचं गांधीनगर वसलं. या दोघांच्या आठवणी घेतल्याशिवाय वळिवडे स्टेशनवर लिहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेवटी फोटो. मागं तारीख नसते, आणि घरातले सगळे वेगवेगळं साल सांगतात. लाईन १९७१ च्या सुमाराला ब्रॉडगेज झाली. मीटरगेजच्या दोन रुळांत एक मीटर अंतर, ब्रॉडगेजमध्ये १.६७६ मीटर. फोटोत रुळांजवळ कुणी उभं असेल तर त्याच्या उंचीशी ते अंतर ताडून बघा. रुळांतलं अंतर माणसाच्या कमरेएवढं भरलं तर फोटो बदलाच्या आधीचा, पार डोक्याएवढं भरलं तर नंतरचा.