ओंडक्यावर अळंबी की वटवाघूळ, कसं ओळखायचं
पावसात वाडीतल्या कुजक्या ओंडक्यावर तपकिरी मऊ काहीतरी चिकटलेलं दिसलं की हात लावू नका, आधी लांबूनच टॉर्च मारून बघा. कानासारखी, ओलसर चकचकीत, एकाला लागून एक झुपक्यात असेल तर ती जेली अळंबी, उन्हात वाळून आक्रसते आणि सर आली की परत फुगते, हे खरंच बघण्यासारखं असतं. पिपिस्ट्रेल जातीचं छोटं वटवाघूळ मात्र जेमतेम काही ग्रॅमचं, अंगावर दाट केस, पंखांची काळपट कातडी घडी घातलेली, अंगठ्याला बारीक नखी, आणि बसतं सालीच्या फटीत नाहीतर कौलांखाली. तिन्हीसांजेला किडे पकडायला बाहेर पडतं. खाली पडलेलं दिसलं तरी उघड्या हाताने उचलू नका, रेबीजचा धोका असतो, वनखात्याला कळवा.