विद्यापीठाशी संबंधित नामवंतांची नोंद कशी करावी : न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या निमित्ताने

डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकले, हे मराठी वाचकाला शाळेत असल्यापासून ठाऊक असते. मात्र ते तिथे किती वर्षे होते, कोणाकडे शिकले, तिथली कोणती पदवी त्यांना केव्हा मिळाली आणि कोणत्या पदव्या लंडनच्या होत्या, असे विचारले की पुष्कळांचे उत्तर अडखळते. याचे एक कारण असे की, विद्यापीठाशी संबंधित नामवंतांच्या याद्या आपण नाव, एखादे विशेषण आणि फार तर एक साल एवढ्यावर आटोपतो. ग्रंथालयाच्या फलकासाठी, स्मरणिकेसाठी, विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी किंवा कोशातल्या नोंदीसाठी अशी यादी करावयाची असेल, तर ती कोणत्या क्रमाने करावी हे पुढे सांगितले आहे. उदाहरणासाठी कोलंबियाच निवडले आहे, कारण ते खासगी आहे, एका महानगराच्या पोटात वाढलेले आहे, अडीचशे वर्षांहून जुने आहे आणि आपल्याशी त्याचे नाते खरोखरीचे आहे.

नावे गोळा करण्याआधी संस्थेचा स्वतःचा जन्मवृत्तान्त एका पानावर लिहून काढावा. हे काम कंटाळवाणे वाटते, पण पुढच्या निम्म्या चुका येथेच टळतात. इंग्लंडचे राजे दुसरे जॉर्ज यांच्या सनदेने १७५४ साली ‘किंग्ज कॉलेज’ या नावाने ही संस्था सुरू झाली आणि ट्रिनिटी चर्चच्या आवारात पहिल्या वर्षी अवघे आठ विद्यार्थी होते. स्वातंत्र्ययुद्धामुळे १७७६ मध्ये वर्ग बंद पडले, १७८४ मध्ये ते ‘कोलंबिया कॉलेज’ या नव्या नावाने पुन्हा भरू लागले, १८९६ मध्ये संस्थेने विद्यापीठ हे नाव धारण केले आणि १८९७ मध्ये ती मॉर्निंगसाइड हाइट्स या आजच्या जागी आली. हा क्रम डोळ्यांपुढे असला म्हणजे अमेरिकेचे पहिले सरन्यायाधीश जॉन जे हे १७६४ साली ‘कोलंबिया विद्यापीठाचे पदवीधर’ झाले असे वाक्य आपल्या हातून लिहिले जात नाही. ते किंग्ज कॉलेजचे पदवीधर होते. अमेरिकेचे पहिले अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्याबाबतीत तर ‘पदवीधर’ हा शब्दही चालत नाही, कारण त्यांचे शिक्षण चालू असतानाच कॉलेज बंद झाले.

याच पानावर विद्यापीठाच्या घटक संस्था लिहाव्यात, आणि येथे मराठी लेखकाने विशेष जपावे. मुंबई किंवा पुणे विद्यापीठाला महाविद्यालये ‘संलग्न’ असतात, ही रचना आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की कोलंबिया कॉलेज हेही तसेच एखादे संलग्न महाविद्यालय असावे, असे आपण नकळत धरून चालतो. वस्तुतः कोलंबिया कॉलेज हा विद्यापीठाचाच पदवीपूर्व शिक्षणाचा गाभा आहे. उलट १८८९ मध्ये स्त्रियांसाठी स्थापन झालेल्या बार्नार्ड कॉलेजचे विश्वस्त मंडळ वेगळे आहे, तरी तिथल्या विद्यार्थिनींना पदवी मिळते ती कोलंबिया विद्यापीठाचीच. कोलंबिया कॉलेजात मुलींना प्रवेश १९८३ पासून मिळू लागला. त्यामुळे जो केवळ कोलंबिया कॉलेजची वार्षिके चाळील त्याच्या यादीत जुन्या काळातली एकही स्त्री येणार नाही. गणितात १८८६ मध्ये पीएच.डी. मिळवणाऱ्या विनिफ्रेड एजर्टन त्याला भेटणार नाहीत, आणि १९२३ मध्ये बार्नार्डमधून पदवी घेऊन पुढे कोलंबियात डॉक्टरेट करणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीडही निसटतील.

विलीन झालेल्या संस्थांचा प्रश्न आणखी नाजूक आहे. कोलंबियाचे आजचे वैद्यकीय विद्यालय ज्या ‘कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स’ या संस्थेतून आले, ती १८०७ मध्ये स्वतंत्रपणे निघाली होती आणि १८९१ मध्ये ती कोलंबियात पूर्णपणे सामावली. त्याआधी तिथे शिकलेल्या डॉक्टरांची नोंद करताना मूळ संस्थेचे नाव आधी लिहावे आणि विलीनीकरणाचा उल्लेख मागाहून करावा. हा आग्रह किती आवश्यक आहे हे आपल्या आनंदीबाई जोशी यांच्या उदाहरणाने चटकन लक्षात येईल. त्या १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियातून एम.डी. झाल्या. त्या कॉलेजचा वारसा आज त्याच शहरातल्या ड्रेक्सेल या खासगी विद्यापीठाकडे आहे. पण ड्रेक्सेलची स्थापना १८९१ ची, आणि आनंदीबाई १८८७ मध्येच गेल्या. ‘आनंदीबाई ड्रेक्सेलमध्ये शिकल्या’ हे वाक्य म्हणूनच कितीही सोयीचे वाटले तरी खोटे ठरते.

एवढी पूर्वतयारी झाली की प्रत्येक नावापुढे संबंधाचा प्रकार लिहावा. माझ्या मते संपूर्ण यादीची विश्वासार्हता या एका रकान्यावर अवलंबून असते. ‘पदवीधर’ आणि ‘माजी विद्यार्थी’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत. पदवी मिळाली असेल तरच पदवीधर म्हणावे. थिओडोर रूझवेल्ट आणि फ्रँकलिन रूझवेल्ट हे दोघेही राष्ट्राध्यक्ष कोलंबियाच्या कायद्याच्या वर्गात शिकले होते, दोघांनीही पदवी न घेता शिक्षण सोडले होते, आणि २००८ साली विद्यापीठाने दोघांनाही मरणोत्तर पदवी दिली. हे तिन्ही तपशील लिहिले तरच नोंद खरी होते. कोलंबियाशी नाव जोडले जाणारे तिसरे राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांनी कोलंबियात विद्यार्थी म्हणून पाऊलही ठेवले नव्हते. ते १९४८ ते १९५३ या काळात विद्यापीठाचे अध्यक्ष होते, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत साधारणपणे कुलगुरू. चौथे बराक ओबामा हे लॉस एंजेलिसच्या एका कॉलेजात दोन वर्षे काढून इथे आले आणि १९८३ मध्ये पदवीधर झाले. चौघांनाही एकाच ओळीत ‘कोलंबियाचे राष्ट्राध्यक्ष’ म्हणून बसवले, तर वाचकाच्या हाती काहीच लागत नाही.

काही व्यक्तींचा संबंध दुहेरी असतो आणि तो तसाच दाखवावा. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग हार्वर्डमध्ये दोन वर्षे कायदा शिकून कोलंबियात आल्या, १९५९ मध्ये इथून पदवीधर झाल्या आणि १९७२ मध्ये इथल्याच कायदा विद्यालयात कायमस्वरूपी प्राध्यापकपद मिळालेल्या पहिल्या स्त्री ठरल्या. देणगीदारांचा रकानाही स्वतंत्र हवा. वृत्तपत्रांचे मालक जोसेफ पुलित्झर कोलंबियात शिकलेही नव्हते आणि त्यांनी शिकवलेही नव्हते, पण त्यांच्या देणगीतून १९१२ मध्ये पत्रकारितेचे विद्यालय उघडले आणि १९१७ पासून त्यांच्या नावाची पारितोषिके दिली जाऊ लागली.

पदवीचे वर्ष हा त्यापुढचा मुद्दा आहे, आणि त्यावर थोडा वेळ घालवणे भाग आहे. अभ्यास पूर्ण झाल्याचे वर्ष, प्रबंध छापल्याचे वर्ष आणि पदवी प्रत्यक्ष प्रदान झाल्याचे वर्ष ही तीन निरनिराळी असू शकतात. त्या काळी कोलंबियात पीएच.डी.साठी प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला सादर कराव्या लागत, म्हणून परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे अंतर पुष्कळदा वाढे. चिनी विचारवंत हू शी यांची तोंडी परीक्षा १९१७ मध्ये झाली आणि पदवी १९२७ मध्ये मिळाली. आंबेडकरांचा प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील प्रबंध १९२५ मध्ये लंडनहून पुस्तकरूपाने निघाला, त्याला त्यांचे गुरू एडविन सेलिग्मन यांची प्रस्तावना होती, आणि कोलंबियाची पीएच.डी. त्यांना १९२७ मध्येच मिळाली. म्हणजे आशियातून आलेल्या या दोन थोर विद्यार्थ्यांना पदवी एकाच वर्षी मिळाली, तीही न्यूयॉर्क सोडून दहा वर्षे उलटल्यावर. आंबेडकरांच्या तिथल्या वास्तव्याच्या नुसत्या ‘१९१३ ते १९१६’ या आकड्यांतून हे कधीच कळले नसते.

पुरावा शोधताना हे ध्यानात असू द्यावे की खासगी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांची गुणपत्रके कोणालाही मागून मिळत नाहीत. मात्र छापील वार्षिक पुस्तिका, पदवीप्रदान समारंभांच्या पत्रिका, माजी विद्यार्थ्यांच्या सूची आणि विभागांचे अहवाल जुन्या काळासाठी पुरेसे असतात. चरित्रग्रंथ उपयोगी पडतात, पण दोन चरित्रांनी एकच चूक केली असेल तर ते दोन पुरावे होत नाहीत. दुसऱ्याने पहिल्यावरून उतरवून घेतले असण्याची शक्यता आधी तपासावी. हयात व्यक्तींविषयी त्यांनी स्वतः जाहीर केलेल्या किंवा विद्यापीठाने प्रसिद्ध केलेल्या माहितीपलीकडे जाऊ नये.

पारितोषिकांवरून यादी करण्याचा मोह आवरावा. नोबेल विजेत्यांची संख्या प्रत्येक विद्यापीठ आपापल्या नियमाने मोजते, त्यामुळे एकच शास्त्रज्ञ तीन ठिकाणी मोजला जातो. थॉमस हंट मॉर्गन यांनी फळमाशीवरचे आनुवंशिकतेचे प्रयोग कोलंबियात केले, पण १९३३ मध्ये नोबेल मिळाले तेव्हा ते कॅलिफोर्नियात होते. उलट भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांना १९३८ चे नोबेल रोममधल्या कामाबद्दल मिळाले आणि ते कोलंबियात आले १९३९ च्या जानेवारीत. दोघांचीही नावे यादीत असावीत, परंतु काम कुठले आणि मान केव्हाचा हे वेगवेगळे लिहावे. यापेक्षा मोठा दोष असा की पारितोषिक हीच कसोटी धरली तर भौतिकशास्त्रज्ञ चिएन-शिउंग वू यांचे नाव गळते. डाव्या-उजव्याचा समतोल निसर्गात सर्वत्र पाळला जात नाही, हे ज्यांच्या प्रयोगाने सिद्ध झाले त्या कोलंबियाच्या प्राध्यापिका होत्या. १९५७ चे नोबेल मात्र ली आणि यांग या सिद्धान्तकारांना मिळाले, आणि त्यांतले ली कोलंबियाचेच होते. ज्या यादीत ली आहेत आणि वू नाहीत, ती यादी मी अपुरी समजतो.

विद्यापीठाशी भांडून बाहेर पडलेल्यांनाही जागा द्यावी. निकोलस मरे बटलर हे १९०२ ते १९४५ असे दीर्घकाळ विद्यापीठाचे अध्यक्ष होते आणि १९३१ च्या शांततेच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. परंतु पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ साली, युद्धविरोधी भूमिकेवरून प्राध्यापकांना काढण्यात आले तेही त्यांच्याच कारकिर्दीत. त्याच्या निषेधार्थ इतिहासकार चार्ल्स बिअर्ड यांनी राजीनामा दिला. आंबेडकरांचे गुरू जेम्स हार्वे रॉबिन्सन हेही पुढे बाहेर पडले आणि १९१९ मध्ये न्यूयॉर्कमध्येच ‘न्यू स्कूल’ ही नवी संस्था उभी राहिली. विद्यापीठाच्या गौरवग्रंथात असे प्रसंग एखाद्या ओळीत उरकले जातात, म्हणून यादी करणाऱ्याने ते स्वतः शोधले पाहिजेत.

आता भाषेविषयी. मराठीत परदेशी नावे लिहिताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. चिनी नावांत आडनाव आधी येते, तेव्हा हू शी यांना ‘ह’ अक्षराखालीच शोधता आले पाहिजे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे : भारतीय व्यक्तींना आदरार्थी बहुवचन आणि परदेशी व्यक्तींना एकवचन, असा भेद एकाच पानावर होऊ देऊ नये. आंबेडकर ‘शिकत होते’ असतील, तर त्यांचे तिथले शिक्षक, तत्त्वज्ञ जॉन ड्यूईही ‘शिकवत होते’ असेच लिहावे.

भारतीय नावे जमवताना उत्साह तपासाच्या पुढे धावतो. विद्यापीठाच्या अडीचशेव्या वर्धापनाच्या निमित्ताने २००४ मध्ये काळाच्या पुढे असलेल्या कोलंबियाकरांची जी निवड प्रसिद्ध झाली, तिच्यात आंबेडकरांचे नाव आहे, आणि ही खरोखरच अभिमानाची गोष्ट आहे. परंतु ती क्रमवारी नव्हती. ‘कोलंबियाने त्यांना जगातले पहिल्या क्रमांकाचे विद्वान ठरवले’ असा संदेश आपल्याकडे फिरत असतो, तो यादीत घेऊ नये. बाबासाहेबांच्या विद्वत्तेला अशा आधाराची गरजही नाही. समकालीनांपैकी अर्थशास्त्रज्ञ जगदीश भगवती यांची नोंद अवश्य घ्यावी. त्यांचे शिक्षण मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात झाले आणि कोलंबियात ते दीर्घकाळ प्राध्यापक राहिले. त्याच सिडनहॅममध्ये आंबेडकर १९१८ ते १९२० या काळात अर्थशास्त्र शिकवत होते. दोन नोंदींना जोडणारे असे दुवे सापडले की ते जरूर लिहावेत.

वरील सर्व सूचना लागू केल्यावर एक नोंद कशी दिसते, ते आता पाहावे. ‘आंबेडकर, भीमराव रामजी : बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला आले. तीन वर्षांत अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. सेलिग्मन, ड्यूई आणि रॉबिन्सन यांच्याकडे शिकले. १९१५ मध्ये एम.ए. झाले. मानववंशशास्त्रज्ञ अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात ९ मे १९१६ रोजी भारतातील जातींच्या उगमावर निबंध वाचला. तो १९१७ मध्ये ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात छापून आला. १९१६ मध्ये लंडनला गेले, डी.एस्सी. आणि बॅरिस्टर या तिथल्या पदव्या होत, कोलंबियाच्या नव्हेत. कोलंबियाची पीएच.डी. १९२७ मध्ये. विद्यापीठाने ५ जून १९५२ रोजी एलएल.डी. ही मानद पदवी दिली. त्यांचा अर्धपुतळा विद्यापीठाच्या लेहमन ग्रंथालयात आहे.’