कपाशी माजतीये? आधी टेप लावा, मग औषध मारा

काळी कसदार जमीन, खाली ठिबक आणि वरून युरियाचा हात सैल, मग कपाशी नुसती वर पळते, रान लांबून एकदम भारी दिसतं पण आत ऊन जात नाही आणि खालची पाते (फुलाच्या कळ्या) आणि फुलं गळत राहतात. अशा रानात वाढ रोखणारं औषध कामाला येतं. मेपिक्वाट क्लोराईड 5 टक्के, म्हणजे चमत्कार, नाहीतर क्लोरमेक्वाट क्लोराईड 50 टक्के, आपलं लिहोसिन. दोन्हीमुळं झाडात जिबरेलिन, म्हणजे झाड लांबवणारं संप्रेरक, कमी बनतं आणि पेरं आखूड पडतात. नवीन पेरंच बरं का! लांबलेली मागं येत नाहीत, त्यामुळं झाड डोक्याएवढं झाल्यावर फवारलं तर पैसे गेले.

मारायचं कधी? नुसते दिवस मोजू नका. पाते लागले की रानातली 10 झाडं धरा, प्रत्येकाला सुतळी बांधा, उंची मोजा आणि मेन खोडावरची पेरं मोजून लिहून ठेवा. आठवड्यानं परत तेच. समजा उंची 21 सेंमी वाढली आणि नवीन पेरं 3 आली, म्हणजे पेरामागं 7 सेंमी. ऑस्ट्रेलियातल्या बागायती कपाशीत साडेपाचच्या वर गेलं की फवारणीचा विचार करतात, आपल्याकडं पण हा हिशोब डोळ्यांच्या अंदाजापेक्षा बरा. कमी असेल तर गप बसा.

मेपिक्वाट लिटरला 1 मिली म्हणजे 50 पीपीएम (दहा लाख भागात 50 भाग), 15 लिटरच्या पंपाला 15 मिली. लिहोसिन त्याच्या दहापट कडक आहे, तिथं मिलीचं माप नीट घ्या आणि एकरी डोस डब्यावरचाच धरा. पाणी तुटलेलं, लाल पडलेलं किंवा पाणी साचून मलूल झालेलं झाड असेल तर अजिबात मारू नका, असलेली वाढ पण थांबते. आणि जिबरेलिक ॲसिडवालं टॉनिक त्याच पंपात टाकणारे पण बघितलेत, एकीकडं ब्रेक एकीकडं ॲक्सिलेटर!

ढगाळ हवेत पातेगळ होत असेल तर विषय वेगळा, तिथं एनएए, म्हणजे पातेगळ रोखणारं संप्रेरक, 20 पीपीएम, 4.5 टक्केवालं असेल तर 10 लिटरला साडेचार मिली, जास्त नाही.

पंप मात्र टू फोर डी (तणनाशक) मारलेला नको. धुतलेला असला तरी नको, कपाशीची पानं भेंडीसारखी चिरतात.