छोट्या गावाचं सांडपाणी: झाडं नंतर, आधी टाकी

सांडपाणी शुद्ध करायचं म्हटलं की सगळे आधी कर्दळ कुठे लावायची ते विचारतात, पण मी सांगतो, झाडांचा बेड (खडी भरून झाडं लावलेला खड्डा, ज्यातून सांडपाणी गाळत जातं) फेल जातो तो बहुतेक वेळा झाडांमुळे नाही, आधीची टाकी, म्हणजे गाळ खाली बसवणारी सेप्टिक टाकी, लहान बांधली किंवा तिचा गाळ कोणी काढलाच नाही म्हणून.

पहिलं काम म्हणजे हिशोब. वापरलेल्या पाण्यातलं साधारण 80 टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर येतं. समजा 200 माणसं आहेत आणि माणशी 75 लिटर वापर आहे, तर रोजचे 12,000 लिटर म्हणजे 12 घनमीटर. टाकीत पाणी 2 दिवस तरी थांबलं पाहिजे, म्हणजे 24 घनमीटर, आणि माणशी वर्षाला 40 लिटर गाळ धरला तर 3 वर्षांच्या गाळाला अजून 24 लागतात. एकूण झाले 48, आणि लोक बांधतात 20 ची, मग गाळ वाहून पुढे जातो आणि खडी चोंदते.

टाकीला मधे भिंत घालून दोन कप्पे करा, पहिला मोठा. आत येणारा आणि बाहेर जाणारा पाइप टी आकाराचा ठेवा, म्हणजे वरची तेलकट साय आणि खालचा गाळ दोन्ही आतच राहतात. पावसाचं पाणी मात्र यात अजिबात सोडू नका, एका जोरदार सरीत सगळा गाळ ढवळून बाहेर पडतो.

टाकीनंतर खडीचा बेड. खोली 60 सेंटीमीटर, तळाला 1 टक्का उतार, खाली पाणी झिरपू नये असं अस्तर, दोन्ही टोकांना मोठे दगड आणि मधे 10 ते 20 मिलिमीटरची धुतलेली खडी (न धुतलेली टाकली तर तिचीच माती भोकं बुजवते). उष्ण भागात माणशी 2-3 चौरस मीटर जागा धरा, थंडीच्या भागात 5 पर्यंत. पाण्याची पातळी खडीच्या 5-10 सेंटीमीटर खाली राहिली पाहिजे, मग डासही होत नाहीत आणि वासही येत नाही. त्यासाठी बाहेरच्या पाइपाला फिरणारा एल्बो (वळणाचा जोड) लावा, तो फिरवून पातळी वर-खाली करता येते. कर्दळ, पाणकणीस, काहीही चालेल, खरं काम खडीवर आणि मुळांवर चिकटलेले जिवाणू करतात.

आता सगळ्यात दुर्लक्षित काम. दर 6 महिन्यांनी लांब काठीला पांढरं फडकं गुंडाळून टाकीत तळापर्यंत सोडायची, थोडा वेळ थांबून हळूच वर काढायची, फडक्यावर जिथपर्यंत काळा डाग आहे तितका गाळ. तो पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांश झाला की उपसा करायचा, तोही पंपाने. टाकीत माणूस कधीही उतरवू नका, अगदी दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही, आतला हायड्रोजन सल्फाइड जास्त असला की नाकाला वास येणंच बंद होतं आणि माणूस जागेवर कोसळतो, मग त्याला काढायला उतरणाराही जातो.

बेडमधून निघालेलं पाणी स्वच्छ दिसतं, पण त्यात जंतू असतातच. ते मुळाशी झाडांना, लाकडाच्या लागवडीला द्या, कच्च्या खायच्या भाजीला नको, आणि विहिरीकडे तर मुळीच वळवू नका.